पंखा, जेट आणि पश्चिमेचा उजेड : कोकण किनाऱ्यावरच्या विमान-छायाचित्रणाची पार्श्वभूमी

कोकण किनाऱ्यावरच्या हवाई कसरतींचे फोटो चाळले की एक गोष्ट लगेच लक्षात येते. आकाश लख्ख आणि विमान मात्र काळी आकृती. यात हाताचा दोष थोडाच असतो. किनारा पश्चिमेला तोंड करून बसलाय, विमानं समुद्रावरून उडतात आणि दुपारनंतर सूर्यही तिकडेच असतो. या उजेडाशी जुळवून घेत इथलं विमान-छायाचित्रण वाढलं. त्याच्या सवयी कुठून आल्या ते कळलं तर आज काय बदलायला हवं तेही कळतं.

सुरुवात जुहूची. तिथली धावपट्टी 1928 सालची. 15 ऑक्टोबर 1932 रोजी जे. आर. डी. टाटा कराचीहून टपाल घेऊन पस मॉथ विमानाने तिथेच उतरले. त्या काळची विमानं संथ होती आणि कॅमेऱ्यांचं शटरही संथ. पंख्याच्या विमानाला हेच मानवतं. टायगर मॉथचं उदाहरण घ्या. दोन पात्यांचा पंखा थेट इंजिनावर बसवलेला, मिनिटाला साधारण 2,000 फेरे, म्हणजे सेकंदाला 33. शटर 1/1000 सेकंद ठेवलं तर तेवढ्या वेळात पातं जेमतेम 12 अंश फिरतं. फोटोत पंखा थिजलेला दिसतो आणि उडतं विमान टांगून ठेवल्यासारखं वाटतं. 1/125 ला फिरत्या पात्यांची धूसर चकती निम्मी भरते. पूर्ण चकती हवी तर 1/60 पर्यंत खाली यावं लागतं.

1961 नंतर गोव्याचा दाबोळी तळ नौदलाकडे आला. विक्रांतवरची सी हॉक आणि अलिझे ही विमानं किनाऱ्यालगत दिसू लागली, पण त्यांचे खाजगी फोटो फारच कमी आहेत. दाबोळी नौदलाचा तळ, तिथे कॅमेरा काढायची सोय नव्हती. शिवाय 1937 च्या विमान नियमांतल्या 13 व्या नियमानुसार सरकारी विमानतळावर फोटोसाठी लेखी परवानगी लागायची. उरली जाहीर प्रात्यक्षिकं, आणि तिथे फिल्म आडवी यायची. परदेशी स्लाइड फिल्म दुर्मीळ आणि महाग, म्हणून बहुतेकांच्या कॅमेऱ्यात उटीच्या हिंदुस्तान फोटो फिल्म्सचा कृष्णधवल ‘इंदू’. कोडॅक्रोम 64 ही स्लाइड फिल्म मिळालीच तर भर उन्हात एफ 5.6 अ‍ॅपर्चरला (लेन्सच्या छिद्राच्या मापाला) 1/500 मिळायचं. संध्याकाळी उजेड दोन-तीन स्टॉप उतरला (दर स्टॉपला उजेड निम्मा) की तेच शटर 1/125 किंवा 1/60 वर यायचं. अलिझेच्या पंख्याला ते चालून जाई, सी हॉकच्या जेटला नाही. हललेल्या विमानापेक्षा सूर्यासमोरची स्वच्छ काळी आकृती बरी, असा हिशेब त्यातून रुजला. त्या फिल्मसाठी तो बरोबरच होता.

नौदलाचं सी हॅरियर जेट 1983 मध्ये आलं आणि 2016 पर्यंत गोव्यातून उडलं. त्याच काळात कॅमेराही बदलला. 1985 च्या मिनोल्टा 7000 पासून ऑटोफोकस रुळला, पुढे हाताची थरथर सावरणारं लेन्समधलं स्टॅबिलायझेशन आणि डिजिटल सेन्सर आले. जेट ताशी 800 किलोमीटर वेगाने अर्ध्या किलोमीटरवरून आडवं गेलं तर सेकंदाला 25 अंश सरकतं. फुल-फ्रेम कॅमेऱ्यावर 400 मिमी लेन्सला दिसतात जेमतेम 5 अंश. कॅमेरा स्थिर धरला तर सेकंदाच्या पाचव्या हिश्श्यात विमान चौकटीबाहेर. म्हणून 1/1000 ते 1/2000, कंटिन्यूअस फोकस (विमानामागे सतत फिरणारा फोकस) आणि बर्स्ट (एका दाबात सलग फ्रेम) ही त्रिसूत्री पक्की झाली. जेटसाठी ती उत्तमच आहे.

घोटाळा होतो तो पंख्याची जुनी विमानं पुन्हा उडताना दिसली आणि शटर जेटचंच राहिलं की. हवाई दलाच्या व्हिंटेज ताफ्यात टायगर मॉथ, हार्वर्ड आणि डकोटा आहेत. 2018 मध्ये आलेल्या डकोटाचं नाव ‘परशुराम’, म्हणजे कोकणाला अगदी घरचं. त्याच्या पंख्याला तीन पाती असतात, आणि इंजिनाचे फेरे 16:9 च्या गिअरमधून कमी होऊन पंख्याला मिळतात. त्यामुळे इथेही 1/60 च्या आसपासच चकती भरते. हेलिकॉप्टर आणखी अवघड. चेतकचा मोठा पंखा मिनिटाला साडेतीनशेच्या घरात फिरतो. 1/60 ला पातं फक्त 35 अंश सरकतं. तेवढी धूसर पाती पुरेशी मानावीत.

भर दुपारी 1/60 मिळवायचं तर आयएसओ (सेन्सरची संवेदनशीलता) 100 ला अ‍ॅपर्चर एफ 20 पर्यंत बंद करावं लागतं. तिथे तपशील मऊ पडतो आणि सेन्सरवरची धूळ निळ्या आकाशात काळ्या ठिपक्यांनी उठते. उपाय दोन स्टॉपचा एनडी फिल्टर, म्हणजे उजेड कमी करणारी राखाडी काच. मग एफ 10 वर काम भागतं. पाय जिथे फोटो घ्यायचा त्या दिशेला रोवा, कंबरेतून मागे वळून विमान लांबूनच पकडा आणि बटण दाबल्यावरही फिरणं थांबवू नका. बहुतेक फ्रेम हलतात त्या थांबण्याच्या धक्क्यानेच. तरीही दहा-बारा फ्रेममधून एखादीच धारदार निघते, हे गृहीतच धरा.

आता उजेड. 4 डिसेंबर 2023 चा नौदल दिन सिंधुदुर्गात झाला, प्रात्यक्षिकं तारकर्लीच्या समुद्रावर. डिसेंबरात सूर्य पश्चिमेच्या बराच दक्षिणेला मावळतो. म्हणून किनाऱ्याच्या दक्षिण टोकाला उभं राहून उत्तरेकडून येणारं विमान टिपलं तर चार-साडेचारलाही ऊन खांद्यामागून येतं. जानेवारी 2024 मध्ये मरीन ड्राइव्हवरच्या हवाई दलाच्या कसरती दुपारी 12 ते 1 दरम्यान होत्या. तेव्हा सूर्य दक्षिणेला, म्हणजे नरिमन पॉइंटकडून गिरगाव चौपाटीच्या दिशेला पाहणाऱ्याच्या पाठीशी. समुद्राची चमक विमानाच्या पोटाखालची सावलीही उजळते. सूर्य समोर टाळताच आला नाही तर एक्स्पोजर +1 ते +1⅔ स्टॉप वाढवा. आकाश पांढरं पडेल, पण रंग आणि खुणा दिसतील. राखाडी रंगाचं नौदलाचं मिग-29के धुरकट आकाशात विरघळतं, हवाई दलाच्या सूर्यकिरण कसरत-पथकाच्या लाल-पांढऱ्या हॉक विमानांना ती अडचण नाही.

वाराही ध्यानात घ्या. सकाळी मतलई वारे जमिनीकडून वाहतात, दुपारी खारे वारे समुद्रावरून. दुपारच्या कसरतीचा रंगीत धूर वाऱ्याबरोबर प्रेक्षकांकडे सरकतो आणि पुढची फेरी त्याच्या पडद्यामागे जाते. धुराची आकृती पहिल्या काही सेकंदांतच घ्यावी. याच दमट हवेचा एक फायदा आहे. विमान जोरात वळलं की पंखांवर वाफेचा पांढरा पट्टा उमटतो. तो क्षणभरच टिकतो, त्यामुळे वळण सुरू होण्याआधीच बर्स्ट चालू हवा. सिंधुदुर्गातल्या चिपी विमानतळासारख्या कातळ-सड्यावर मात्र ऊन चढलं की जमिनीलगतची हवा लहरू लागते आणि धावपट्टीवरचं विमान कुठल्याच लेन्सने धारदार येत नाही. उतरणं-उडणं सकाळी लवकर टिपावं.

गाडीतल्या एसीमधून लेन्स थेट बाहेर काढली तर काच धुकते. तासभर आधी बॅगेसकट बाहेरच्या हवेत ठेवा. किनाऱ्यावर पुढच्या काचेवर मीठ बसतं. ते कोरडं पुसलं तर ओरखडे पडतात, म्हणून आधी ब्लोअर, मग लेन्स-द्रवाने ओलावलेला कागद. पावसाळ्यात या लेन्स हवाबंद डब्यात, सिलिका जेलसोबत राहिल्या पाहिजेत. जेल रंग बदलला की तापवून पुन्हा कोरडं करायचं. नाहीतर डिसेंबरच्या कसरतींआधी काचेच्या आत बुरशीचं जाळं तयार असतं.