झुनी मृत्पात्रे

अमेरिकेतील न्यू मेक्सिको राज्याच्या पश्चिम भागात राहणाऱ्या झुनी (स्वभाषेत आशिवी) लोकांची, मुख्यतः स्त्रियांनी चाकाविना घडवलेली मातीची भांडी. पुएब्लो लोकांनी (या भागातील गावकरी आदिवासी; झुनी त्यांपैकीच) 1680 मध्ये स्पॅनिशांविरुद्ध केलेल्या उठावानंतर त्यांवरील नक्षी बदलली, आणि त्या बदलात स्पॅनिश सत्तेला व ख्रिस्ती मिशनला दिलेला नकार वाचता येतो.

स्पॅनिश मोहिमेचा नायक कोरोनादो याच्या फौजेने 1540 मध्ये हाविकू हे झुनी गाव घेतले. 1629 मध्ये येथे मिशन आले. पुएब्लो प्रदेशात मिशनऱ्यांनी मुखवट्यांचे नाच बंद पाडले, मुखवटे जाळले. या काळातील झुनी भांड्यांवर शिसेयुक्त, भाजल्यावर काचेसारख्या चमकणाऱ्या रंगाची नक्षी आढळते. उठावानंतर झुनी दोवा यालाने या उंच, कड्यांनी वेढलेल्या पठारावर जाऊन राहिले. 1692 मध्ये स्पॅनिश गव्हर्नर वार्गास आला तेव्हाही ते तेथेच होते. पुढे सारे हालोना या एकाच गावी वसले. त्यानंतरच्या भांड्यांवर चमकता रंग नाही, बिनचकाकीचा आहे. आणि पिसांच्या आकृत्या ठळकपणे येतात. शिशाच्या खाणी हातच्या गेल्या म्हणून रंग बदलला, असे म्हणता येईल. पण शिशाच्या टंचाईने चकाकी जाते, पिसे येत नाहीत. पिसे झुनींच्या प्रार्थनाकाठ्यांना बांधली जातात. पाण्याच्या घागरीवर ती रंगवली की पूजेची खूण रोज डोळ्यांसमोर राहते.

माती दोवा यालानेवरून आणत. आणताना बोलणे वर्ज्य. बोलले तर भांडे भाजताना तडकते, अशी समजूत होती. मातीत जुन्या खापरांचा भुगा मिसळतात. तो कमी पडला तर माती वाळताना आकसून भेगा पडतात. मातीच्या वळ्या एकावर एक चढवून, भोपळ्याच्या कवटीच्या तुकड्याने खरवडून भिंत पातळ करतात. घागरीचा तळ आत दबलेला ठेवतात, म्हणजे ती डोक्यावर नीट बसते. वर पांढऱ्या मातीचा लेप देऊन गुळगुळीत दगडाने घोटतात. काळ्या रंगासाठी आपल्याकडील तिळवणीच्या कुळातले एक झाड आटवून त्याचा दाट काढा लोहयुक्त दगडाच्या पुडीत कालवतात; लाल रंग गेरूचा. कुंचला म्हणजे टोक चावून तंतू मोकळे केलेले युका या वनस्पतीचे पान. भाजणी उघड्यावर, मेंढ्यांच्या वाळलेल्या लेंड्यांच्या थरांत. भांड्यात ओल राहिली तर ते फुटते. वाऱ्याने जळण ढासळून अंगाला टेकले तर पांढऱ्यावर काळा डाग उमटतो.

मानेभोवतीची रेघ पुरी जुळवत नाहीत, थोडी फट ठेवतात. ही ‘वाट’; ती मिटली तर घडवणारीचे आयुष्यही पुरे झाले, असे मानत. तोंडापासून काळजापर्यंत लाल रेघ असलेले हरीण ही एकोणिसाव्या शतकातील घागरींची ओळख.

1879 पासून स्मिथसोनियन या अमेरिकी संग्रहालय-संस्थेच्या मोहिमांनी हजारो भांडी गावाबाहेर नेली. नंतर पत्र्याच्या बादल्या आल्या आणि घागरींची गरज घटली. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात झुनी हायस्कूलात डेझी हूई (होपी-तेवा) व जेनी लाते (अकोमा) यांनी ही कला शिकवली; दोघीही जन्माने झुनी नव्हत्या. शाळेत विजेची भट्टी वापरात आली, मात्र लेंड्यांची भाजणी काही घरांनी सोडली नाही.