आपला फोटो आपल्यालाच का आवडत नाही?
स्थळासाठी किंवा स्वतःसाठी फोटो काढून घेणाऱ्या ग्राहकांकरिता माहितीपत्रक

फोटो काढून झाल्यावर आम्ही तो पडद्यावर दाखवतो, तेव्हा निम्म्याहून अधिक ग्राहक पहिला प्रश्न विचारतात तो हाच, "मी खरंच अशी दिसते?" सोबत आलेली आई किंवा बहीण नेमकी त्याच क्षणी "छान आलाय की!" असे म्हणत असते. या दोघींपैकी कोणीही खोटे बोलत नसते. त्या दोन वेगवेगळ्या चेहऱ्यांविषयी बोलत असतात, आणि हा फरक आधीच ठाऊक असला तर फोटो निवडताना होणारी निराशा पुष्कळ कमी होते, असा आमचा अनुभव आहे.

आपण स्वतःचा चेहरा रोज पाहतो तो आरशात, आणि आरशात डाव्या बाजूचा तीळ डावीकडेच राहतो. समोर उभ्या असलेल्या माणसाला मात्र तो त्याच्या उजव्या हाताला दिसतो, आणि कॅमेराही त्या माणसाच्याच जागेवरून पाहत असतो. कोणाचाही चेहरा दोन्ही बाजूंनी तंतोतंत सारखा नसतो. एक भुवई किंचित वर असते, भांग एका बाजूला असतो, हसताना ओठाचा एक कोपरा आधी उचलला जातो. वर्षानुवर्षे सवयीच्या झालेल्या या बारीक गोष्टी फोटोत एकदम उलट्या बाजूला गेल्या की चेहरा ओळखीचा असूनही परका वाटतो. मीटा, डर्मर आणि नाइट या अमेरिकी संशोधकांनी १९७७ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात तरुणींना स्वतःचे सुलट आणि आरशातल्यासारखे उलट असे दोन्ही फोटो दाखवले होते. त्यांचा स्वतःचा कल उलट फोटोकडे होता, तर त्यांच्या जवळच्या व्यक्तींचा कल सुलट फोटोकडे. ज्याला जो चेहरा सवयीचा, त्याला तो बरा वाटला.

यावर काही ग्राहक "मग फोटो फिरवून द्या" अशी सूचना करतात. संगणकावर ते एका क्षणाचे काम आहे, तरीही आम्ही ते करत नाही. फोटो फिरवला की डाव्या खांद्यावरचा पदर उजव्या खांद्यावर जातो, डाव्या नाकपुडीतली नथ उजवीकडे जाते आणि शर्टाचा खिसा हृदयाची बाजू सोडतो. पाहणाऱ्याला नेमके काय चुकले ते सांगता येत नाही, परंतु काहीतरी चुकले आहे हे त्याला जाणवते. घरातल्या एखाद्या आजींच्या तर ते पहिल्या नजरेतच लक्षात येते.

दुसरे कारण अंतराचे आहे आणि त्याचा दोष बिचाऱ्या नाकाला दिला जातो. नाकाचे टोक आणि कान यांच्यात सुमारे १२ सेंटिमीटर अंतर असते असे धरू. मोबाइल चेहऱ्यापासून ३० सेंटिमीटरवर धरला, तर नाक ३० आणि कान ४२ सेंटिमीटरवर येतात, म्हणजेच कानांच्या मानाने नाक सुमारे ४० टक्के मोठे उमटते. कॅमेरा दोन मीटर अंतरावर नेला की हाच फरक अवघ्या ६ टक्क्यांवर येतो. माणसे एकमेकांशी बोलतात तीही हातभर अंतरावरून नव्हे, तर थोडी दूर राहूनच. म्हणून आम्ही आपल्यापासून सहा-सात फूट मागे उभे राहतो आणि लांब पल्ल्याची लेन्स वापरतो. हा गुण खरे तर अंतराचा असतो. लेन्स केवळ तेवढ्या लांबून चेहरा चौकटीत भरून घेते. सेल्फी पाहून आपल्या नाकाविषयी मत बनवलेले असेल, तर ते कृपया स्टुडिओच्या दाराबाहेर ठेवून यावे.

आता रंगाविषयी, कारण स्थळासाठी फोटो काढायला आलेल्या मंडळींकडून "जरा उजळ करा" ही विनंती सर्वाधिक होते. सावळा चेहरा फोटोत काळवंडतो यात त्वचेचा काहीही दोष नसतो. कॅमेऱ्याचा आपोआप चालणारा हिशेब संपूर्ण चौकटीचा प्रकाश मध्यम राखाडी छटेवर आणू पाहतो. मागे पांढरी भिंत किंवा अंगात पांढरा सदरा असला की हा हिशेब एकूण प्रकाश कमी करतो आणि चेहरा अंधारात जातो. आम्ही प्रकाश चेहऱ्यावर मोजतो, मोठ्या छत्रीतून मऊ उजेड देतो आणि हनुवटीखालची सावली थर्माकोलच्या पांढऱ्या पाटीने भरून काढतो. एवढ्याने त्वचेचा खरा रंग तजेलदार उमटतो. त्यापुढे जाऊन संगणकावर गोरेपणा चढवून देणे आम्ही बंद केले आहे. कांदेपोह्यांच्या दिवशी समोरची मंडळी फोटोतला रंग आणि बैठकीतला रंग मनातल्या मनात ताडून पाहतात, आणि त्या अवघडलेपणाची किंमत मुलीला किंवा मुलाला मोजावी लागते, स्टुडिओला नव्हे. टचिंग करताना आठवड्याभरात जाणारी पुटकुळी, डोळ्यांवर आलेला केस किंवा चष्म्याच्या काचेवरची चमक आम्ही न सांगता काढतो. तीळ, जन्मखूण, व्रण यांना आपण स्वतः सांगितल्याशिवाय हात लावत नाही. सोबतच्या नातेवाइकांनी सांगितले तरीही नाही.

कपड्यांबाबत आमचा आग्रह एवढाच आहे की, जे आपण पूर्वी दोन-तीन वेळा तरी घातले आहे ते आणावे. नव्या, कडक कपड्यात माणूस खांदे आखडून बसतो आणि ते फोटोत दिसते. अगदी बारीक रेघांचा किंवा चौकडीचा शर्ट शक्यतो टाळावा, कारण डिजिटल कॅमेऱ्यात त्यावर लाटांसारखी नक्षी उमटते. गडद लाल किंवा पोपटी साडीचा रंग परावर्तित होऊन हनुवटीवर येतो. त्याच साडीचा हट्ट असेल तर आम्ही दिव्यांची मांडणी बदलतो, फक्त थोडा अधिक वेळ हाताशी ठेवावा. झिंक ऑक्साइड असलेले सनस्क्रीन डोळ्यांना दिसले नाही तरी फ्लॅशमध्ये पांढरे पडू शकते, म्हणून त्या दिवशी ते लावू नये. केस कापायचे असल्यास चार-पाच दिवस आधी कापावेत.

पासपोर्ट आणि व्हिसाच्या फोटोंना यातले जवळजवळ काहीच लागू होत नाही. तेथे मापे ठरलेली असतात, उदाहरणार्थ शेंगेन व्हिसासाठी (युरोपातल्या अनेक देशांचा सामायिक व्हिसा) ३५ × ४५ मिलिमीटर आणि अमेरिकेच्या व्हिसासाठी दोन इंच चौरस. अमेरिकेच्या फोटोत २०१६ पासून चष्माही चालत नाही. अशा फोटोंवर आम्ही कोणतेही टचिंग करत नाही.

फोटोंची निवड त्याच दिवशी करण्याचा आग्रह धरू नये, अशी विनंती आहे. आम्ही आठ-दहा फोटो छोट्या आकारात मोबाइलवर पाठवतो. एक रात्र जाऊ द्यावी आणि मग ते पाहावेत, तसेच आपल्याला रोज भेटणाऱ्या एका व्यक्तीला स्वतंत्रपणे दाखवावेत. दोघांची निवड वेगळी आली, तर दोन्ही फोटो तयार करून देतो आणि दुसऱ्याचे वेगळे पैसे घेत नाही. निवड कळवल्यापासून तिसऱ्या दिवशी प्रती तयार असतात.