पर्यावरणपूरक बांधकामाचे शिक्षण
पर्यावरणपूरक बांधकामाचे शिक्षण : इमारत उभारताना, वापरताना आणि शेवटी पाडताना निसर्गावर पडणारा भार कमी कसा करावा, याचे ज्ञान व त्याचा सराव. वास्तुरचना, स्थापत्य अभियांत्रिकी, हवामानशास्त्र आणि गवंडीकाम यांचा त्यात मेळ बसतो. ऊर्जावापर व औद्योगिक प्रक्रियांतून जगभर जो कार्बन डायऑक्साइड बाहेर पडतो, त्यातला एक तृतीयांशाच्या आसपास वाटा इमारतींचा आणि त्यांच्या बांधकामाचा आहे. त्यामुळे हा विषय आता ऐच्छिक मानता येत नाही. तो कागदावर सुरू होत असला, तरी पक्का होतो बांधकामाच्या जागेवर आणि त्याहूनही नंतर, लोक राहायला आलेल्या इमारतीत.

विद्यार्थ्याला सुरुवातीला दोन हिशेब वेगळे मांडायला शिकावे लागते. एक, इमारत वापरताना दरवर्षी लागणारी ऊर्जा : दिवे, पंखे, तापवणे, थंड करणे. दुसरा, साहित्य खणणे, भाजणे, वाहून आणणे आणि रचणे यांत आधीच खर्च झालेली, म्हणजे अंतर्भूत ऊर्जा. पहिली पुढे सुधारता येते. दुसरी इमारत उभी राहिली त्याच दिवशी खर्ची पडलेली असते. सिमेंटचे उदाहरण येथे सर्वांत बोलके आहे. जगाच्या कार्बन डायऑक्साइड उत्सर्जनात सिमेंटचा वाटा सुमारे ७ ते ८ टक्के आहे आणि त्यातला निम्म्याहून अधिक भाग भट्टीच्या इंधनाचा नसून चुनखडीचाच असतो. १०० किलो शुद्ध चुनखडी भाजली की ५६ किलो चुना उरतो आणि ४४ किलो कार्बन डायऑक्साइड हवेत जातो. इंधन कितीही स्वच्छ वापरले तरी हा वायू सुटतोच. म्हणून क्लिंकरचे, म्हणजे चुनखडी भाजून मिळणाऱ्या सिमेंटच्या मूळ घटकाचे, प्रमाण घटवणे, त्याऐवजी भाजलेली चिकणमाती व न भाजलेली चुनखडी मिसळणे आणि मुळात काँक्रीट जेथे खरोखर लागते तेथेच वापरणे, हे तीन मार्ग अभ्यासक्रमांत आग्रहाने शिकवले जातात. तिसरा सर्वांत सोपा आहे आणि दुर्दैवाने सर्वांत कमी पाळला जातो.

ऊन आणि वारा यांचा अभ्यास हा या शिक्षणाचा कणा. उत्तर गोलार्धात उन्हाळ्यातला दुपारचा सूर्य डोक्याच्या जवळ असतो, हिवाळ्यात तो दक्षिणेकडे कललेला असतो. त्यामुळे दक्षिणेच्या खिडकीवर नेमक्या मापाचा सज्जा काढला, तर उन्हाळ्यातले ऊन बाहेर राहते आणि हिवाळ्यातले आत येते. दक्षिण गोलार्धात हीच खिडकी उत्तरेला हवी. पूर्व-पश्चिमेचे ऊन तिरपे येत असल्याने सज्जा तेथे अपुरा पडतो. उभ्या झडपा, जाळी किंवा झाडे लागतात. भिंतीचेही तसेच. दिवस तापणारा आणि रात्र गार असेल, तर जाड दगडी किंवा मातीची भिंत दिवसाची उष्णता अडवून काही तास उशिराने आत सोडते. दमट हवामानात दिवसरात्रीच्या तापमानात फारसा फरक नसतो; तेथे तीच भिंत रात्रीही ऊब देत राहते आणि हलकी, वारा खेळवणारी रचना जास्त सुखाची ठरते. नमुना जसाच्या तसा उचलला की फसगत होते, ती बहुतेकदा इथेच.

साहित्य ओळखायला हात मातीत घालावेच लागतात. मातीची साधी चाचणी काचेच्या बरणीत होते : माती, पाणी आणि चिमूटभर मीठ घालून हलवून ठेवले, की वाळू मिनिटाभरात तळाशी बसते, गाळ काही तासांत, चिकणमाती त्याहून उशिरा. थरांची जाडी पाहून वाळू मिसळायची की पेंढा, याचा अंदाज येतो. दाबून केलेल्या मातीच्या ठोकळ्यांत साधारण ५ टक्के सिमेंट पुरते आणि त्यांना भट्टीत भाजावे लागत नाही. मात्र मातीला पाणी मानवत नाही. उंच जोते आणि लांब वळचण यांवाचून मातीची भिंत बांधायला शिकवणे म्हणजे अर्धेच शिकवणे.

हे ज्ञान गवंड्यांकडून वास्तुविशारदांकडे आले, याचे ठळक उदाहरण इजिप्तचे हसन फतही. लाकडी आधाराशिवाय कच्च्या विटांच्या कमानी रचण्याची रीत त्यांना इजिप्तच्या दक्षिणेकडील नुबिया प्रदेशातल्या गवंड्यांकडे सापडली आणि १९४० च्या दशकात लक्सरजवळच्या न्यू गुर्ना गावात त्यांनी ती वापरली. घरे देखणी झाली. पण ज्यांच्यासाठी ती होती, त्यांतल्या बहुतेकांना तेथे स्थलांतर नको होते. वास्तुविशारद लॉरी बेकर यांनी केरळात विटा आडव्या न ठेवता कडेवर उभ्या रचण्याची पद्धत रुळवली; भिंतीत पोकळी राहते आणि विटा सुमारे चतुर्थांशाने कमी लागतात. बुर्किना फासोमधील गांदो गावची शाळा (२००१) वास्तुविशारद फ्रान्सिस केरे यांनी गावकऱ्यांसोबत बांधली. पत्र्याचे छप्पर तेथे मातीच्या छतापासून वर उचललेले असल्याने गरम हवा मधून निघून जाते. वेल्समधील सेंटर फॉर ऑल्टर्नेटिव्ह टेक्नॉलॉजी (१९७३) आणि ऑरोव्हिल अर्थ इन्स्टिट्यूट (१९८९) या संस्थांत असे काम प्रत्यक्ष करूनच शिकवतात.

ब्रिटनची ब्रीअम (१९९०), अमेरिकेची लीड, भारताची गृह या, इमारत किती पर्यावरणपूरक आहे याला गुण देणाऱ्या, मानांकन पद्धतींमुळे विषयाला सर्वत्र समजणारी मापे मिळाली. शिकणाऱ्यांसाठी त्या उपयुक्त आहेत, पण गुण मिळवण्याचे तंत्र हाच अभ्यास होऊन बसण्याचा धोका खरा आहे. आराखड्यातला अंदाज आणि प्रत्यक्ष वीजबिल यांत मोठे अंतर पडते, हे ब्रिटनमध्ये १९९५ पासून झालेल्या प्रोब या पाहणीमालिकेने इमारतीमागून इमारत तपासून दाखवले. याउलट जर्मनीत डार्मस्टाट येथे १९९१ मध्ये पूर्ण झालेल्या पहिल्या पॅसिव्ह हाउसमध्ये, म्हणजे अगदी कमी ऊर्जेत उबदार राहणाऱ्या घरात, सुरुवातीपासून मोजणी झाली. त्या अनुभवातून आलेल्या मानकानुसार घर तापवायला चौरस मीटरमागे वर्षाला १५ किलोवॅट-तासांहून जास्त उष्णता लागता कामा नये.

अलीकडे अभ्यासक्रमांत जुन्या इमारतींच्या सुधारणेला जागा मिळू लागली आहे, आणि ती आणखी वाढायला हवी. उभी इमारत राखली की तिची अंतर्भूत ऊर्जा वाया जात नाही. फ्रान्समधील बोर्दो शहरात लाकातों आणि वासाल या वास्तुविशारदांनी सहकाऱ्यांसह १९६० च्या दशकातल्या तीन मोठ्या इमारतींतील ५३० घरांना बाहेरून काचेने बंदिस्त प्रशस्त बाल्कन्या जोडल्या. काम २०१७ मध्ये संपले. बाल्कन्यांमुळे घरे मोठी आणि उजेडाची झाली, तापवण्याची गरज घटली आणि काम चालू असताना रहिवासी आपापल्या घरातच राहिले.