हॅनिबल? त्यातला कुठला?

हॅनिबल म्हटलं की एकच माणूस आठवतो, इ.स.पू. 218 मध्ये हत्ती घेऊन आल्प्स ओलांडणारा. पण कार्थेजवाल्यांमध्ये (आजच्या ट्युनिसजवळचं शहर) हे नाव पैशाला पासरी होतं. एक हॅनिबल इ.स.पू. 409 मध्ये सिसिलीतली सेलिनस आणि हिमेरा ही ग्रीक शहरं उद्ध्वस्त करतो, दुसरा इ.स.पू. 260 मध्ये सिसिलीजवळ मायलीच्या समुद्रात रोमनांचा सडकून मार खातो, आणि तिसरा, ज्याला ऱ्होडियन म्हणायचे, तो दहा वर्षांनी सिसिलीतल्याच लिलिबियम बंदरात रोमन नाकेबंदीतून नाकावर टिच्चून जहाज आतबाहेर करतो. आडनावं नव्हती, त्यामुळे बापाचं नाव नाहीतर टोपणनाव लावायचं. हत्तीवाल्याच्या वडिलांचं, हमिल्करचं, टोपणनाव बार्का, म्हणजे वीज.

हॅनिबल नावाचा अर्थ 'बअल (कार्थेजवाल्यांचा देव) देवाची कृपा', आपल्या दत्तप्रसादसारखाच मामला. उद्या कोणी शेवटचा 'बल' बघून हनुमानाशी नातं जोडून फॉरवर्ड पाठवला तर प्लीज पुढे ढकलू नका, त्या 'बल'चा ताकदीशी काही संबंध नाही, तो अख्खा देव आहे. भाषा प्युनिक, म्हणजे कार्थेजवाल्यांची, हिब्रूची जवळची नातलग, आणि कृपेचा हाच ह-न-न धातू हिब्रू योहानानमध्ये आहे ज्याचा इंग्रजीत जॉन झाला. गोव्यात 24 जूनला विहिरीत उड्या मारून सांजांव करतात ना, त्यातला 'जांव'सुद्धा तोच योहानान!

आता माझा आवडता भाग. प्युनिक लिपीत 22 अक्षरं आणि सगळी व्यंजनं, स्वर लिहायचेच नाहीत. हॅनिबल उजवीकडून डावीकडे फक्त पाच अक्षरांत: हेत, नून, बेत, ऐन, लामेद. यातला ऐन म्हणजे घशातून खोल काढलेला आवाज, अरबीत अजून आहे. ग्रीकांनी याच घराण्याची, कार्थेजवाल्यांच्या फिनिशियन पूर्वजांची, लिपी उचलली पण तो आवाज त्यांच्याकडे नव्हता, मग रिकामं पडलेलं ते गोल अक्षर त्यांनी स्वराला लावलं, तोच रोमन लिपीतला ओ. हेतचं वेगळंच, पूर्वेकडच्या ग्रीकांचा 'ह' उच्चारातून गळाला म्हणून त्यांनी ते लांब 'ए'ला वापरलं, पश्चिमेकडच्यांनी 'ह'च ठेवलं आणि तिथून इटलीतल्या एट्रुस्कन लोकांमार्फत ते रोमला पोचलं, आजचा एच. म्हणजे रोमन लोक शत्रूचं नाव ज्या एचने सुरू करायचे तो शत्रूच्याच पूर्वजांकडून आलेला.

मग मधले स्वर कळले कुठून? ग्रीक-लॅटिन लोकांनी कानाला जसं ऐकू आलं तसं लिहिलं त्यावरून, आणि तिथे सगळे एकमत नाहीत. लिबियातल्या लेप्टिस मॅग्नाला इ.स. 1-2 मध्ये एका श्रीमंत गृहस्थाने स्वतःच्या खर्चाने थिएटर बांधलं, दगडावर लॅटिन आणि प्युनिक दोन्हीत नाव कोरलंय. लॅटिनमध्ये ते आहे 'अन्नोबल रुफुस', हिमिल्खो तापापियुसचा मुलगा. सुरुवातीचा 'ह' गायब आणि 'इ'च्या जागी 'ओ'! पदव्यांमध्ये 'मातृभूमी सजवणारा' वगैरे, शिवाय तो सुफेस, म्हणजे कार्थेजच्या पद्धतीचा नगरप्रमुख. रोमने कार्थेज इ.स.पू. 146 मध्ये जमीनदोस्त केलं, त्याला तोवर जवळजवळ दीडशे वर्षं झाली होती, आणि हा माणूस रोमन राज्यात रोमन स्टाइलचं थिएटर बांधून वर नाव अन्नोबल लावतोय.

पुढे तर अजून मजा. रशियन कवी पुश्किनचे आफ्रिकन पणजोबा अब्राम पेत्रोविच यांनी हत्तीवाल्याच्या नावावरून आडनाव घेतलं, पण रशियनमध्ये 'ह'ची सोय नाही म्हणून ते झाले गानिबाल. आणि 2006 ते 2016 पोर्तुगालचे राष्ट्राध्यक्ष होते ते अनिबाल कावाको सिल्वा, तिथेही 'ह' नाहीच.