पार्श्वभूमी : वरच्या लेव्हलची पार्टी आणि एकटा बॉस

डंजन्स अँड ड्रॅगन्स या टेबलाभोवती बसून फाशांनी खेळायच्या कथाखेळात एकटा बॉस, म्हणजे शेवटचा मोठा शत्रू, इतक्या लवकर का पडतो? १७व्या लेव्हलच्या चार कॅरेक्टर्ससमोर (खेळाडूंचा हा गट म्हणजे ‘पार्टी’) एकटा ॲडल्ट रेड ड्रॅगन उभा करून पाहिलेल्या डीएमला, म्हणजे खेळ चालवणाऱ्याला, हा प्रश्न समजावून सांगावा लागत नाही. २०१४च्या नियमांत या ड्रॅगनचे हिट पॉइंट (तो किती मार सोसतो) २५६, आर्मर क्लास (त्याला वार लागणं किती अवघड) १९ आणि चॅलेंज रेटिंग (शत्रूच्या ताकदीचा आकडा) ही १७. महिनोन्‌महिने त्याची दहशत बसवलेली असते, गावं जाळून झालेली असतात. प्रत्यक्ष लढाईत मात्र दुसऱ्या राउंडच्या (सर्वांची एकेक पाळी झाली की एक राउंड) शेवटी तो आडवा होतो, कधीकधी एकदाही पंजा न उगारता. असं का होतं आणि त्यावर ५० वर्षांत काय काय करून पाहिलं गेलं, त्याची ही पार्श्वभूमी. भर २००८ नंतरच्या काळावर आहे, कारण या प्रश्नाला थेट हात तेव्हाच घातला गेला.

‘बॉस’ हा शब्द मुळात टेबलावरचा नाही. डंजन्स अँड ड्रॅगन्स १९७४ साली आलं आणि पुढच्याच वर्षी अमेरिकेतल्या काही विद्यार्थ्यांनी प्लेटो या संगणक यंत्रणेवर त्याच्या धर्तीचा खेळ लिहिला. त्यात खजिना राखणारा सोनेरी ड्रॅगन होता. संगणकीय खेळांतला पहिला बॉस म्हणून सहसा त्याचंच नाव घेतात. शब्द तिकडे रुळला आणि तिकडूनच टेबलावर परत आला, पण येताना एक अपेक्षाही घेऊन आला : बॉस एकटाच असतो. संगणकासमोर खेळणाराही एकटाच, म्हणून तिथे हिशेब जुळतो. टेबलावर बॉसची एक टर्न (पाळी) होईपर्यंत समोरच्यांच्या चार-पाच झालेल्या असतात. चक्रव्यूहात अडकलेल्या अभिमन्यूची गोष्ट लहानपणापासून ऐकलेल्यांना या हिशेबाचा निकाल निराळा सांगायला नको.

सुरुवातीच्या नियमांना ही अडचण आजच्याइतकी जाचली नाही. १९७८च्या साहसांतून पुढे आलेली कोळ्यांची राणी लोल्थ अवघ्या ६६ हिट पॉइंटची होती. तिचं बळ उणे १० या आर्मर क्लासमध्ये होतं (तेव्हा आकडा जितका खाली तितकं चिलखत भक्कम) आणि टक्क्यांत मोजल्या जाणाऱ्या जादू-प्रतिकारात होतं. त्याच वर्षी छापलेलं ‘टूम ऑफ हॉरर्स’ मुळात १९७५च्या एका स्पर्धेत खेळवलं गेलं होतं, तेही मातब्बर कॅरेक्टर्सची घमेंड उतरवण्यासाठी. त्याच्या शेवटी असते ती एक कवटी. तिच्यावर मोजकेच स्पेल (मंत्र) आणि मोजकीच शस्त्रं चालतात, बाकी सगळं वाया. त्या काळात बॉस घडवणं म्हणजे पार्टीच्या वाटा एकेक करून बंद करणं. ते न्याय्य होतं असं मी म्हणणार नाही, पण लढाई लवकर संपण्याची भीती त्यात कमी होती, एवढं खरं.

या सगळ्याच्या मुळाशी सेव्हिंग थ्रोचे (स्पेलच्या परिणामातून सुटण्यासाठी टाकायचा फासा, थोडक्यात ‘सेव्ह’) जुने तक्ते होते, आणि पुढचा वाद समजायला तेच लक्षात ठेवायला हवेत. ॲडव्हान्स्ड डंजन्स अँड ड्रॅगन्समध्ये सेव्ह होणार की नाही हे ज्याच्यावर स्पेल पडतोय त्याच्या ताकदीवर ठरायचं. स्पेल टाकणारा कितीही मोठा असो, १७व्या लेव्हलच्या योद्ध्याला आणि त्याच तोडीच्या राक्षसाला स्पेलविरुद्ध २० बाजूंच्या फाशावर ६ किंवा जास्त पडलं की पुरे. म्हणजे २०पैकी १५ वेळा सुटका. बॉस मोठा होत जाई तसा तो आपोआप स्पेलच्या हाताबाहेर जाई. वेगळा नियम लागत नसे.

२००० साली तिसऱ्या आवृत्तीने ते तक्ते काढून टाकले. सेव्हसाठी लागणारा आकडा आता स्पेलच्या लेव्हलवर आणि टाकणाऱ्याच्या बुद्धीवर किंवा तत्सम गुणावर ठरू लागला. गणित सुटसुटीत झालं, पण वर्षानुवर्षं बॉसला वाचवणारी भिंत त्यात निघून गेली. चॅलेंज रेटिंग हा शब्दही याच आवृत्तीचा. त्याचा मूळ अर्थ असा : चौघांच्या पार्टीने त्याच आकड्याच्या शत्रूशी लढताना आपल्या साधनसामग्रीचा साधारण पाचवा हिस्सा खर्चावा. म्हणजे तो दिवसभरातल्या अनेक लढायांपैकी एकीचा मापदंड होता. अंतिम सामन्याचा मापदंड म्हणून तो बनलाच नव्हता, तरी आजही निम्म्याहून अधिक तक्रारी त्याला तसा वापरण्यातून येतात.

एकट्या बॉससाठी वेगळा साचा पहिल्यांदा पद्धतशीरपणे आखला तो २००८च्या चौथ्या आवृत्तीने. ‘सोलो’ राक्षस म्हणजे पाच साध्या राक्षसांच्या बरोबरीचा एक, अनुभवाचे गुणही पाचांचे. सेव्हवर अधिक ५, दोन ॲक्शन पॉइंट (जादा कृतींसाठी) आणि हिट पॉइंटची रास. पहिल्या ‘मॉन्स्टर मॅन्युअल’मधला ऑर्कस हा ३३व्या लेव्हलचा सोलो तब्बल १,५२५ हिट पॉइंटचा आहे. हेतू चांगला होता, पण पाच जणांचं रक्त एका अंगात भरलं तरी त्याला पाच जणांचे हात मिळाले नव्हते. लढाया तासन्‌तास चालू लागल्या. निकाल तिसऱ्या राउंडला कळलेला असे आणि नंतर नुसती आकड्यांची वजाबाकी उरे. त्यातच पार्टीकडे स्टन करण्याच्या, म्हणजे शत्रूला सुन्न करण्याच्या, इतक्या युक्त्या असत की सोलोची एकुलती एक टर्नही हिरावली जाई.

दोन वर्षांत ही चूक दुरुस्त करण्याचा जो प्रयत्न झाला तो मला या सगळ्या इतिहासातला सर्वांत मोलाचा वाटतो, आणि त्याची आठवण फार थोडे जण काढतात. २०१०च्या ‘मॉन्स्टर व्हॉल्ट’मधल्या ड्रॅगनना दोन गोष्टी मिळाल्या. आपली टर्न संपली की त्यांच्यावरचा स्टन किंवा तत्सम परिणाम उतरायचा. आणि स्वतःच्या इनिशिएटिव्हपेक्षा (टर्नचा क्रम ठरवणारा आकडा) १०ने वरच्या आकड्यावर त्यांना एक जादा हालचाल मिळायची. स्पेल वाया जात नव्हता, ड्रॅगन एक टर्न खरोखर गमावत होता, आणि तरी लढाई जिवंत राहत होती.

पाचवी आवृत्ती २०१४ साली आली तेव्हा यातला अर्धाच धडा पुढे गेला. जादा हालचाल ‘लेजंडरी ॲक्शन’ झाली : इतरांच्या टर्न संपताना वापरायच्या सहसा तीन कृती. ही कल्पना चटकन रुजली. वाद पेटला तो दुसऱ्या अर्ध्यावर, लेजंडरी रेझिस्टन्सवर. सेव्ह फसला तरी दिवसातून तीन वेळा बॉसने म्हणायचं, ‘फसला नाही.’

हा नियम का लागला हे आकड्यांत दिसतं. १७व्या लेव्हलच्या विझर्डचा (जादूगाराचा) सेव्ह डीसी, म्हणजे समोरच्याला सेव्हसाठी गाठायचा आकडा, सहज १९ असतो. ॲडल्ट रेड ड्रॅगनला विझडम या गुणावरच्या सेव्हमध्ये फाशावर अधिक ७ मिळतात, म्हणजे २०पैकी ११ वेळा तो फसणार. इंटेलिजन्सवर बेतलेला स्पेल असेल तर अधिक ३, २०पैकी १५ वेळा फसणार. जुन्या तक्त्यातला हिशेब इथे नेमका उलटा झाला आहे. अशा वेळी काहीच केलं नाही तर पहिलाच स्पेल लढाई संपवतो. म्हणून रेझिस्टन्सची बाजू घेणारे म्हणतात की तीन नकार ही बॉस टिकवण्याची किमान किंमत आहे, आणि खेळाडूंनाही ते तीन नकार उतरवण्याचं लक्ष्य मिळतं.

दुसरी बाजू मला अधिक पटते. विझर्डकडे नवव्या, म्हणजे सर्वांत वरच्या, लेव्हलचा स्लॉट (स्पेल टाकण्याची संधी) एकच. राउंडभर वाट पाहून तो टाकायचा, फासा बाजूने पडायचा, आणि डीएमने शांतपणे सांगायचं की काही झालं नाही. ड्रॅगनच्या अंगावर ओरखडाही नाही, गोष्ट तसूभर पुढे गेलेली नाही. शिवाय एकाच बॉसला आता दोन वेगळी आयुष्यं झाली. योद्धे हिट पॉइंट उतरवतात, जादूवाले रेझिस्टन्स उतरवतात आणि एकाची मेहनत दुसऱ्याच्या कामी येत नाही. अनेक टेबलांवर म्हणूनच घरचा नियम आला : रेझिस्टन्स वापरायचा तर ड्रॅगनने एक लेजंडरी ॲक्शन गमवायची, किंवा काही हिट पॉइंट मोजायचे. आमच्या टेबलावर पहिला प्रकार चालतो. नकाराची किंमत डोळ्यांना दिसली की कुणाची कुरकुर राहत नाही. आणि ज्या स्पेलला सुरुवातीचा सेव्हच नाही, त्याच्यापुढे हा नियम थिटा पडतो तो पडतोच. फोर्सकेज या स्पेलच्या २० फुटी पिंजऱ्यात ॲडल्ट ड्रॅगन मावतो, आणि २०१४च्या नियमांत तो पिंजरा तासभर टिकायचा, तोही काँसन्ट्रेशनशिवाय, म्हणजे टाकणाऱ्याला त्यावर लक्ष एकाग्र ठेवावं न लागता.

इतरांनी वेगळ्या वाटा धरल्या. २०१३च्या ‘थर्टीन्थ एज’ने दुसऱ्या राउंडपासून दर राउंडला वाढणारा, ६पर्यंत जाणारा फासा आणला. पार्टीच्या हल्ल्यांना त्याचा बोनस मिळतो, म्हणून पहिल्याच राउंडला सगळी ताकद ओतण्याचा मोह कमी होतो. ‘पाथफाइंडर’च्या २०१९च्या दुसऱ्या आवृत्तीने तर लेव्हललाच ढाल केलं. पार्टीपेक्षा तीन-चार लेव्हल वरचा एकटा शत्रू तिथे खरोखर भारी पडतो, आणि शत्रूला निकामी करणारे स्पेल त्याच्यावर एक पायरी कमी चालतात. तो कमी परिणामही सहसा काहीतरी करून जातो, एवढ्यानेच खेळाडूचं समाधान किती राहतं हे खेळल्यावर कळतं. २०२०मध्ये पाचव्या आवृत्तीत ‘मिथिक’ राक्षस आले : शून्यावर आले की पुन्हा उठणारे आणि नव्या कृती घेऊन लढणारे. इथे संगणकीय बॉसचा दुसरा टप्पा सरळ टेबलावर आला.

२०२४-२५च्या सुधारित पुस्तकांनी लेजंडरी रेझिस्टन्स ठेवलाच. स्वतःच्या गुहेत ड्रॅगनला तो तीनऐवजी चार वेळा मिळतो, लेजंडरी ॲक्शनही तिथे चार, आणि त्याबदल्यात गुहेच्या स्वतंत्र ‘लेअर ॲक्शन’ गेल्या. दिवसभरात सहा ते आठ लढाया हे जुनं गृहीतकही गेलं. प्रत्यक्षात तितक्या लढाया फार थोड्या टेबलांवर होत होत्या. याहून मोठा बदल एका ओळीत दडलेला आहे. ॲडल्ट रेड ड्रॅगनचा इनिशिएटिव्ह शून्यावरून अधिक १२वर गेला. बॉस एकदाही न हलता मरण्याचा प्रकार त्याने एका झटक्यात कमी केला. फोर्सकेजलाही आता काँसन्ट्रेशन लागतं. ड्रॅगनला कोंडून ठेवायचं तर विझर्डला मार खाऊनही एकाग्रता सांभाळावी लागते.