फिजिओथेरपीचं शिक्षण आणि ‘डॉक्टर’ या शब्दाचा गुंता

बारावीनंतर फिजिओथेरपीला जावं का, याची चर्चा पुण्यातल्या घरांत निघाली की लगेच विचारलं जातं, नावाआधी ‘डॉक्टर’ लागतं का?

युद्ध आणि पोलिओ, या दोन संकटांनी आपल्याकडे या कामाची गरज दाखवून दिली. १९४४ साली, महायुद्ध चालू असताना, जखमी सैनिकांसाठी पुण्यात कृत्रिम अवयव केंद्र सुरू झालं. पाय बसवला तरी त्यावर तोल सांभाळत चालणं शिकवावंच लागतं. पन्नाशीच्या दशकात, पोलिओग्रस्त मुलांचा प्रश्न समोर असताना, मुंबईत रीतसर शिक्षण सुरू झालं.

‘डॉक्टर’चा वाद खरा पेटला तो अलीकडे. राज्याने २००२ च्या कायद्याने फिजिओथेरपिस्टांची नोंदणी परिषद आणली, २०२१ साली केंद्राचाही कायदा झाला. एप्रिल २०२५ मध्ये आलेल्या नव्या राष्ट्रीय अभ्यासक्रमाने नावाआधी ‘डॉ.’ आणि नावानंतर ‘पीटी’ (म्हणजे फिजिओथेरपिस्ट) लावायला मुभा दिली. ९ सप्टेंबरला केंद्राच्या आरोग्य खात्यातून पत्र निघालं: ‘डॉ.’ लावू नका, रुग्णांची दिशाभूल होते. त्यात १९१६ च्या वैद्यकीय पदव्यांच्या कायद्याचा आधार होता. दुसऱ्याच दिवशी ते पत्र मागे घेतलं गेलं. एका दिवसाच्या या उलटसुलट आदेशांनी विद्यार्थ्यांच्या मनात मात्र धास्ती बसली.

रुग्णाला समोर कोण आहे ते कळायलाच हवं, हा आक्षेप रास्त आहे. म्हणून ‘पीटी’ पाटीवर ठळक हवं. पण ‘शेक देणारे’, ‘मालिशवाले’ म्हणून या लोकांना वर्षानुवर्षं मोजलं गेलं, तोही अन्यायच होता. गुडघा बदललेल्या आजींच्या टाचेखाली टॉवेलची गुंडाळी ठेवून “आजी, गुडघा खाली दाबा, पाच मोजेपर्यंत धरा” असं सांगणारी मुलगी मांडीचा स्नायू कितपत आवळला जातोय ते हाताने चाचपत असते. मग गोनिओमीटर लावून गुडघा किती अंश वाकला ते वहीत लिहिते. कालच्यापेक्षा कमी भरला तर सूज तपासते, गरज वाटली तर सर्जनला फोन करते. ही पारख अभ्यासाशिवाय येत नाही.

त्या अभ्यासाची मुदतही आता वाढली आहे. आजवर पदवी साडेचार वर्षांची होती, त्यात सहा महिने इंटर्नशिप. नव्या आराखड्यात पाच वर्षं आहेत, त्यातलं शेवटचं पूर्ण वर्ष इंटर्नशिपचं.