किरणोत्सारी पाण्यातले धातू पकडणारे अधिशोषक

अधिशोषक म्हणजे असा घन पदार्थ की पाण्यात विरघळलेले आयन (चार्ज असलेले अणू) त्याच्या पृष्ठभागाला किंवा आतल्या पोकळ्यांना येऊन चिकटतात. अणुभट्ट्यांतून आणि, त्याहूनही जास्त प्रमाणात, वापरलेल्या इंधनाच्या रिप्रोसेसिंगमधून (त्यातलं युरेनियम-प्लुटोनियम परत काढण्याच्या प्रक्रियेतून) जे किरणोत्सारी पाणी निघतं त्यातून सीझियम-१३७ (अर्धायुष्य ३० वर्षं), स्ट्राँशियम-९० (साधारण २९), कोबाल्ट-६० वगैरे काढायला हे वापरतात. यानं किरणोत्सार नष्ट होत नाही हं, भरपूर पाण्यात पसरलेला माल थोड्याशा घन पदार्थात गोळा होतो, एवढंच.

खरी डोकेदुखी सोडियमची. बडोद्यात बोअरच्या जड पाण्यासाठी सोसायट्यांमधे सॉफ्टनर लावतात, त्यातलं रेझिन कॅल्शियम धरतं, सोडियम सोडतं आणि मिठाच्या पाण्यानं परत ताजं होतं, तत्त्व तेच. पण रिप्रोसेसिंगच्या अल्कलाइन कचऱ्यात सोडियम ढीगभर आणि सीझियम त्यापुढे नखभर, चार्ज दोघांचा सारखाच, मग साधं रेझिन सोडियमनंच भरून जातं. म्हणून गर्दीतून नेमकं सीझियम उचलणारा पदार्थ लागतो.

असे बरेच आहेत. क्लिनोप्टिलोलाइट हा नैसर्गिक झिओलाइट (बारीक पोकळ्या असलेलं खनिज) स्वस्त आणि टिकाऊ, इंग्लंडात सेलाफील्डच्या अणुकेंद्रात १९८५ पासून वापरात आहे (आपल्या दख्खनच्या बेसाल्टमधे मिळणाऱ्या हुलंडाइटचा सांगाडाही तोच), पण कडक ॲसिडमधे झिओलाइट मोडतो. अमोनियम मॉलिब्डोफॉस्फेटचं उलटं, ते ॲसिडमधे मस्त चालतं आणि अल्कलीत विरघळून जातं. प्रशियन ब्लू या निळ्या रंगद्रव्याच्या घराण्यातले कॉपर किंवा निकेल फेरोसायनाइड सीझियमला घट्ट धरतात, फक्त पावडर इतकी बारीक की कॉलम (अधिशोषक भरलेली, पाणी वाहून नेणारी उभी नळी) चोक होतो, म्हणून ती पॉलिमरच्या मण्यांवर बसवावी लागते. भारतात अल्कलाइन कचऱ्यासाठी रिसॉर्सिनॉल-फॉर्माल्डिहाइड रेझिन वापरलं गेलं, त्यातलं सीझियम पातळ नायट्रिक ॲसिडनं काढून घेता येतं आणि रेझिन परत वापरता येतं, हा मोठा फायदा.

बडोद्याच्या एम.एस. युनिव्हर्सिटीत अप्लाइड केमिस्ट्रीमधे झिर्कोनियम फॉस्फेटसारख्या इनऑरगॅनिक आयन एक्स्चेंजरवर (एक आयन धरून दुसरा सोडणाऱ्या पदार्थांवर) काम झालंय. अशा कामाला किरणोत्सारी सीझियम लागतंच असं नाही, साधं सीझियम-१३३ केमिस्ट्रीत तसंच वागतं. फ्लास्कमधे सीझियम क्लोराइडचं पाणी घ्यायचं, चिमूटभर अधिशोषक टाकायचा, शेकरवर काही तास हलवायचं, गाळायचं आणि गाळलेल्या पाण्यात किती सीझियम उरलं ते मोजायचं. त्यावरून डिस्ट्रिब्यूशन कोएफिशंट निघतो, म्हणजे सीझियम पाण्याच्या तुलनेत अधिशोषकात किती गेलं त्याचं माप. पण नुसत्या सीझियम क्लोराइडमधला आकडा बघून हुरळून जाऊ नये, सोडियम नायट्रेट घातलं की तो धाडकन पडू शकतो, आणि कामाचा आकडा तोच. शिवाय हा फ्लास्कचा खेळ झाला, कॉलममधे वरून सतत पाणी येत असतं आणि एका टप्प्याला खालून सीझियम निसटायला लागतं, त्याच्या आधी कॉलम बदलावा लागतो.

ट्रिटियम, म्हणजे हायड्रोजनचा किरणोत्सारी प्रकार, मात्र या अधिशोषकांच्या हाती लागत नाही, कारण तो पाण्याच्या रेणूचाच भाग झालेला असतो. जपानमधल्या फुकुशिमाच्या अपघातग्रस्त अणुकेंद्रात एवढं शुद्धीकरण करूनही तो मागे राहिला तो यामुळेच.

भरलेल्या अधिशोषकाचं काय करायचं हे आधी ठरवलेलं बरं, आणि पेपर लिहिणारे नेमकं हेच शेवटच्या ओळीत उरकतात. तो तापतो, किरणांनी आतलं पाणी फुटून हायड्रोजन होतो, त्यामुळे भांड्याला व्हेंट लागतो. झिओलाइट काचेत वितळवता येतो किंवा सिमेंटमधे बसवता येतो. फेरोसायनाइड मात्र तापवला की त्याचं विघटन होतं आणि तो विषारी वायू सोडू शकतो, आणि जास्त तापमानाला सीझियमही उडायला लागतं.